ओट्यावरचा परवचा

बाई, काल तुमचा तेरावा झाला. पानं उठली, तुमच्या निखिलने खुर्च्या एकात एक घालून मांडववाल्याच्या टेम्पोत चढवल्या, आणि ओटा परत आपला ओट्यासारखा दिसायला लागला. मी घरी निघाले होते. चपला पायात घातल्याही होत्या. तेवढ्यात चिकूच्या झाडांखाली तो संध्याकाळचा उजेड उतरला, वाळूत पाणी मुरतं तसा हळूहळू मुरत जाणारा, आणि मला आठवलं की आज रविवार. चपला काढून मी परत वर येऊन बसले. तुम्ही आत दिव्याची वात सारखी करताय आणि आता बाहेर येऊन म्हणाल, 'हेतू, फोन तांब्याला टेकवून ठेव, नाहीतर पडेल,' असं इतकं खरं वाटलं की मी खरोखरच तांब्या पुढे ओढला.

हे दिवस असेच चाललेत. उधव्याच्या शाळेत मी फळ्यावर इंग्रजीचं क्रियापद लिहिते आणि खडू हातात धरून उभी राहते. येताना गाडीतून तलासरी कधी मागे गेलं ते कळत नाही, डहाणूचा फाटा आला की ड्रायव्हर हाक मारतो, 'टीचर, उतरायचंय ना?'

आपल्या शाळेने तुमच्यावर पानभर मजकूर मागितलाय. जन्म, नेमणूक, निवृत्ती, आदर्श वगैरे. ते दुसरं कोणीतरी लिहील. 'आदर्श' हा शब्द निबंधात दिसला तरी तुम्ही त्याखाली लाल रेघ ओढायचात, माझ्या हातून तो तुमच्याबद्दल कसा लिहिला जाणार?

पाचवीत मी तुमच्या वर्गात आले तेव्हा मला मराठी अगदीच येत नव्हतं असं नाही. भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरतं येत होतं. घरी गुजराती, आधीची शाळा गुजराती, आणि वडिलांनी दुकान संजाणहून डहाणूला आणलं म्हणून मी तुमच्यापुढे. हजेरीत हेतल, तुमच्या तोंडी पहिल्या दिवसापासून हेतू. पहिल्या निबंधात तुम्ही इतक्या लाल खुणा केल्यात की निळी शाई शोधावी लागत होती. पण रागावला नाहीत. 'संध्याकाळी घरी ये,' एवढंच म्हणालात. मग वर्षभर मी ह्याच ओट्यावर परवचा म्हटला. दिवा लागला की आधी पाढे, मग घर, घराला, घराने. फाटकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे असा तुमचा नियम. पुटपुटलेलं व्याकरण तुम्हाला चालायचं नाही. ओरडून ओरडून घसा कोरडा पडला की तुम्ही पेला पुढे करायचात आणि म्हणायचात, 'झालं. आता पाणी पी.' आणि पिऊन होईपर्यंत समोर उभ्या राहायचात.

मला मराठी तुम्ही दिलीत, आणि ती मी तुमच्याशी भांडायलाच जास्त वापरली. हे तुम्ही असताना म्हणायला हवं होतं. तुम्ही 'पुरे गं' म्हणून विषय बदलला असतात, पण मी म्हणायला हवं होतं.

पुढे मी इंग्रजी घेऊन बीए झाले, तुमच्या मागच्या गल्लीतच सासर मिळालं, आणि आपला शेजार झाला. निखिल इंग्लंडला गेला, तिकडचीच मुलगी केली. तुम्ही सून आनंदाने मान्य केलीत. पण तारा बोलायला लागली आणि तिच्या तोंडी 'आजी'खेरीज मराठी शब्द येईना, तेव्हा तुमचं आणि निखिलचं वाजलं. 'जन्मभर लोकांच्या मुलींना मराठी शिकवलं आणि माझी नात माझ्यापुढे मुकी,' असं तुम्ही म्हणालात. तो म्हणाला, 'आई, मुकी ती नाही, तुला इंग्रजी येत नाही.' दोघंही खरं बोललात, म्हणून दोघांनाही लागलं. त्यानंतर कितीतरी वर्षं तुमचं आणि ताराचं फोनवरचं बोलणं म्हणजे हाऊ आर यू, फाइन, ईट वेल. तुम्ही तीनच वाक्यं पाठ केली होतीत आणि ती संपली की फोन माझ्या हातात द्यायचात.

तारा बारा-तेरा वर्षांची असताना निखिल सहज बोलून गेला, की शाळेत तिला लॅटिन आहे आणि ती रोज रडते. तुम्ही मला विचारलंत, हे लॅटिन म्हणजे काय प्रकरण? मी मोबाइलवर एक तक्ता काढून दाखवला. तुम्ही कपाळावरचा चष्मा नाकावर आणलात, तक्ता वरून खाली वाचलात, आणि हसायला लागलात.

'अगं हेतू, ह्या तर विभक्त्या.'

मग ते जाडजूड पुस्तक मागवलं. इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेलं. इंग्रजी मी वाचायची, मराठीत सांगायची, आणि तुम्ही चाररेघी वहीत उतरून घ्यायचात. पुस्तकवाल्याने चार पानं खर्चून, अगदी आजाऱ्याला समजावावं तसं समजावलं होतं, की शब्दाचं वाक्यातलं काम बदललं की त्याचं शेपूट बदलतं, घाबरू नका. 'चार पानं?' तुम्ही म्हणालात. 'हे तर आपल्या वाडीवर येणाऱ्या लाडकीची तीन वर्षांची नात न शिकता करते.' पुढे क्रियापद शेवटी येतं म्हणून त्याने परत दिलासा दिला होता, आणि टेबल स्त्रीलिंगी आहे म्हणून तर जवळजवळ क्षमाच मागितली होती. तुम्ही म्हणालात, आपल्याकडे टेबल नपुंसक आणि खुर्ची बाई, कुणी क्षमा मागितली का? खरं सांगते, मला मात्र ती चार पानं लागली. इंग्रजी शिकवून शिकवून मी वाक्याकडे इंग्रजासारखी बघायला लागले होते. त्यावरून तुम्ही मला महिनाभर मडम म्हणत होतात.

आणि तो क्रमाचा वाद. ताराच्या पुस्तकात संबोधन दुसऱ्या जागी आणि षष्ठी चौथ्या. तुम्ही इतक्या चिडलात, जणू पंगतीत कुणाचा मान डावलला. 'षष्ठी म्हणजे सहावी. नावातच आहे. तिला चौथ्या पाटावर बसवणारे हे कोण?' मी म्हटलं, बाई, तुमची परीक्षा नाही, तिची आहे. तुम्ही दोन दिवस माझ्याशी तुटक बोललात आणि तिसऱ्या दिवशी वहीतला सगळा तक्ता खोडून त्यांच्या क्रमाने लिहिलात. पण समासात बारीक अक्षरात लिहून ठेवलंत, 'हा क्रम मला मान्य नाही.' ती वही आता माझ्याकडे आहे.

बुधवारी आणि शुक्रवारी आपण दोघी पुढचा धडा करायचो. ताराच्या एक धडा पुढे, इतकंच. तिला वाटायचं आजीला सगळं येतं. रविवारी दिवेलागणीला तुमचा फोन तांब्याला टेकलेला, तिकडे त्यांची दुपार, आणि तुम्ही दोघी परवचा म्हणताय, फाटकापर्यंत ऐकू जाईल असा. पुएल्ला, पुएल्ला, पुएल्लाम, पुएल्लाय, पुएल्लाय, पुएल्ला. पुएल्ला म्हणजे मुलगी. आमच्या पाढ्यांचीच चाल, तोच हेल, शेवटच्या शब्दावर तोच ठोका. खालच्या पायरीवर सायवनची लाडकी चिकू निवडत बसलेली, मोठे एका क्रेटमध्ये, बारके दुसऱ्यात, आणि तिचेही हात त्याच ठोक्यावर चालायचे. हवेला समुद्राचा आणि पिकत्या चिकूचा वास. मी डोळे मिटले की मला कळायचं नाही मी पाचवीत आहे की चाळिशी ओलांडलेली आहे, आणि म्हणतंय कोण, तारा की मी.

पहिल्या रविवारी परवचा संपला आणि तुम्ही सवयीने फोनकडे बघून म्हणालात, 'झालं. आता पाणी पी.' माझा हात आपोआप पेल्याकडे गेला. मग मला जाणवलं की ते मला नव्हतं. मी हात मागे घेतला. थोडं वाईट वाटलं, बाई. एवढी मोठी बाई मी, पण वाटलं.

तारानेही ते ऐकलं. पुढच्या रविवारी तिने अख्खा तक्ता म्हटला, आणि शेवटी अगदी तुमच्या हेलात, ठोक्यासकट, 'झालं आता पाणी पी' म्हणाली. तिला वाटलं तेही पाठांतरातलंच, तक्ता असाच संपतो. तुम्ही पदर तोंडाला लावून आत पळालात. मी कशीबशी फोन धरून उभी. त्यानंतर काही आठवड्यांनी तिने सांगितलं, की ही चाल वर्गात सगळ्यांना आवडली, आता अख्खा वर्ग अशीच लॅटिन म्हणतो, शेवटच्या ओळीसकट, आणि सरांनी विचारलं की ती शेवटची ओळ कोणत्या पुस्तकात आहे. मी तिला अर्थ सांगायला तोंड उघडलं आणि तुम्ही माझा दंड चिमटलात. फोन बंद झाल्यावर म्हणालात, 'राहू दे. तेवढं तरी मराठी तिच्या तोंडी आहे.'

ही एक गोष्ट तुम्ही मला सांगू दिली नाहीत. दुसरीही निघाली.

मधली वर्षं कशी गेली आता सांगता येत नाही. चिंचणीचा खलाशी आणि आपल्या वाडीतला शेतकरी तुमच्या प्रत्येक वाक्यात यायचे. शेतकरी खलाशाच्या मुलीला चिकू देतो. खलाशाची मुलगी शेतकऱ्याच्या बायकोला मासे देते. लॅटिनमध्ये चिकूला शब्द कुठून असणार? मी म्हणायची, फळ म्हणा. तुम्ही म्हणायचात, फळ म्हणजे काय, केळंसुद्धा फळ. तुम्ही चिकूलाच त्यांची शेपटं लावलीत. ताराने ते गृहपाठात लिहिलं, सरांनी समासात प्रश्नचिन्ह काढलं, आणि तुम्ही ते प्रश्नचिन्ह मोठं करून बघितलंत. पुढे पुढे तुम्ही दोघी तक्त्याबाहेरचंही बोलायला लागलात. तुमच्याकडे पाऊस आहे का, मैत्रिणीशी भांडण मिटलं का, तू दुःखी आहेस का. अडखळत, चुकत, दोन शब्दांमध्ये वाट बघत. पुस्तकवाला त्या भाषेला मेलेली म्हणतो हे मी तुम्हाला वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही म्हणालात, 'त्याला आपला ओटा माहीत नाही.'

मग ह्या जानेवारीत आपण वापीला गेलो. डॉक्टरांनी तुमच्यापुढेच सांगितलं, तुम्हीच तसं सांगायला लावलंत. काही महिने. परत येताना तुम्ही खिडकीशी बसून बाहेर बघत होतात, आणि मला वाटलं तुम्ही रडताय. तुम्ही हिशेब करत होतात, की ताराची परीक्षा मेमध्ये आहे.

'परीक्षा होईपर्यंत निखिलला कळता कामा नये. त्याला कळलं की तिला कळणार.'

मी म्हटलं, बाई, परीक्षा परत देता येते. तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, असं मी वर्गात कधी सांगितलं होतं का? मी म्हटलं, वर्गात माणसं मरत नव्हती. हे मी बोलायला नको होतं, पण बोलले, आणि तुम्ही माझा हात हातात घेतलात. घर येईपर्यंत सोडला नाहीत. मी हो म्हटलं ते त्या हातामुळे. पटलं म्हणून नाही.

त्यानंतर दर बुधवारी आपण भांडलो. मी म्हणायची, तिला तुमचा निरोप घेऊ द्या, तो तिचा हक्क आहे. तुम्ही म्हणायचात, निरोपाला काय, ती दर रविवारी घेतेच. मी म्हणायची, तिला ठाऊक नसताना घेतलेला तो निरोप कसला? तुम्ही वही उघडायचात आणि पुढचा धडा काढायचात. तो वाद तसाच राहिला, बाई. मी अजून माझ्या बाजूने मुद्दे काढत असते. भाजी चिरताना काढते, गाडीत काढते. समोरून कोणी काही बोलत नाही तरी जिंकल्यासारखं वाटत नाही.

शेवटच्या रविवारी लाडकीने आणि मी तुमची खाट ओट्यावर आणली. फोन लावताना तुम्ही म्हणालात, दिवा दाखव तिला, मला नको. मी कॅमेरा दिव्याकडे वळवला. ताराला नुसती ज्योत दिसत होती आणि तुमचा आवाज. ती म्हणाली, छान दिसतंय. तुम्ही एकवचन पूर्ण म्हटलंत. अनेकवचनात पुएल्लाय, पुएल्लाय, पुएल्लास, आणि तुम्ही थांबलात. मला वाटलं दम घेताय. मी तुमच्याकडे बघितलं आणि मला पुढचं काहीच आठवेना. तेव्हा पायरीवरून लाडकी म्हणाली, 'बाय, त्यो आरुमवाला ऱ्हायला.' आणि चिकू हातात धरूनच तिने मोठ्याने म्हटलं, पुएल्लारुम. तारा तिकडे खळखळून हसली. तुम्हीही हसलात, आवाज न करता. ताराने तक्ता संपवला, शेवटच्या ओळीसकट. तुम्ही पुटपुटलात, 'पी बाळा.' पुटपुटलेलं तुम्हाला चालायचं नाही, पण त्या दिवशी चाललं.

फोन ठेवला आणि मी फाटकाबाहेर जाऊन निखिलला फोन केला. वचनही मोडलं आणि वेळही साधली नाही. तो मंगळवारी दुपारी पोचला आणि तुम्ही मंगळवारी पहाटे गेला होतात. तो मला एकच वाक्य बोलला, 'तू तरी सांगायचं होतंस.' लाडकी मागे उभी होती. ती म्हणाली, 'बायनी मना पण नाय सांगला,' आणि मग ती रडली, मी रडले, निखिल मात्र झाडांकडे बघत राहिला. त्याने त्याच दिवशी ताराला सांगून टाकलं. आता ह्या घरात काही लपवायचं नाही, म्हणाला. मधल्या रविवारी फोन वाजला नाही. मी तो तांब्याला टेकवून तासभर बसले होते. गेल्या शुक्रवारी तिची परीक्षा झाली, एवढं निखिलकडून कळलं. तुमच्या लाडक्या परीक्षेला ती बसली, बाई. कशी बसली ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

तर काल. मी ओट्यावर, तांब्या पुढे ओढलेला, आणि फोन वाजला. मला उचलायची भीती वाटली. तो तुमचा फोन होता आणि तिचा राग माझ्यावर होता. आतून निखिल आला, माझ्याकडे न बघता त्याने दिवा लावला आणि उंबऱ्यावर बसला. मग मी उचलला.

तारा उंच झालीय असं वाटलं, किंवा चेहरा लांबलाय. तिने इंग्रजीत सरळ विचारलं, आजीने तुला सांगू नको म्हणून सांगितलं होतं का? मी हो म्हटलं. मग म्हटलं की तरीही मी सांगायला हवं होतं, आणि मला ते तेव्हाही माहीत होतं. ती म्हणाली की तिला माझा राग आलाय, आजीचा त्याहून जास्त, आणि आजीवर रागावलं की आणखीच रडू येतं. मी म्हटलं, माझंही तसंच आहे. झाडांत पाखरांचा गलका चालला होता तो तिला ऐकू येत असावा, कारण ती जरा पुढे सरकली. मग म्हणाली, परवचा म्हणूया. हा शब्द तिला येतो हे मला माहीत नव्हतं.

आम्ही म्हटला. मोठ्याने, फाटकापर्यंत. अनेकवचनात तिथे आल्यावर ती थांबली, आणि मोरीवरून लाडकीने आपला शब्द दिला. शेवटी तारा म्हणाली, 'झालं. आता पाणी पी.'

मला वाटलं, आता तुमची ती पहिली गोष्टही मी लपवून ठेवणार नाही. मी तिला म्हटलं, तारा, त्या शेवटच्या ओळीचा अर्थ तुला सांगायचाय. ती म्हणाली, 'मला माहीत आहे. पहिल्याच वर्षी बाबाने सांगितलं.' मी उंबऱ्याकडे बघितलं. निखिलने मान खाली घातली. मी विचारलं, मग इतकी वर्षं तशीच का म्हणत होतीस?

'आजी दर वेळी हसायची,' ती म्हणाली. 'मला कळलंय हे तिला कळलं असतं तर ती हसायची थांबली असती.'

बघा बाई. तुम्ही तिच्यापासून लपवत होतात आणि ती तुमच्यापासून, आणि दोघींनाही वाटत होतं की दुसरीला पत्ता नाही. आपला वाद मी मिटवत नाही. पण कदाचित तिने मला जेवढी क्षमा केली ती ह्यामुळेच केली असेल, कारण तिलाही ठाऊक होतं, एखाद्याचं हसू राखायला माणूस काय काय गिळतं.

फोन बंद करायच्या आधी तिने माझ्याकडे नीट बघितलं. सकाळपासून पंगतीत वाढताना माझं पाणी प्यायचं राहूनच गेलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत असेल. ती परत म्हणाली, हेल न काढता, फक्त मला, 'हेतल, पाणी पी.'

मी पेला भरला आणि सगळा प्यायले. पिऊन होईपर्यंत ती बघत होती, बाई.